केस आज गळतात, कारण तीन महिने जुनं असतं

नमस्कार डॉक्टर,

मी ३६ वर्षांची, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करते. डिसेंबरच्या मध्यापासून केस इतके गळताहेत की बाथरूमची जाळी प्रत्येक वेळी तुंबते, फणीत गुंतवळाचा गोळा येतो. परवा कणकेत केस सापडला म्हणून घरात बोलणी खाल्ली. वेणी निम्मी झाली आहे. दिवाळीत आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो, इथे बोअरचं पाणी आहे. सासूबाई म्हणतात, पाण्यानेच जाताहेत. नवरा म्हणतो, टेन्शन घेतेस म्हणून. पार्लरवालीने हेअर स्पाचं पॅकेज सुचवलंय. मैत्रिणीच्या सांगण्यावरून कांद्याचं तेल आणि बायोटिनच्या गमी आणल्या, महिना झाला, फरक शून्य. आठवड्यातून तीनदा केस धुवायचे, ते आता भीतीने एकदाच धुते.

सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला होता, ॲडमिट होते. तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ आलं होतं, ‘थोडं कमी आहे’ म्हणाले. भावाच्या लग्नासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात डाएट करून सात किलो वजन उतरवलं. पाळी सात दिवस चालते, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, पण ते मुलीच्या जन्मापासून तसंच आहे, त्यामुळे त्याचा संबंध नसावा. आईचा भांग साठीत बराच रुंद झालाय. मला टक्कल पडेल का? बहीण लावते ते मिनॉक्सिडिल मीही लावू का? आणि मुलीचे (वय ९) केस पातळ आहेत, एकदा तिचं टक्कल करून घ्या असं सासूबाईंचं म्हणणं आहे. करावं का?

— एक वाचक, नाशिक

नमस्कार,

टक्कल पडणार नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. तुम्ही वर्णन केलंय तसे केस सगळ्या डोक्यावरून सारखे गळत असतील, तर डोकं उघडं पडत नाही. केस विरळ होतात, वेणी बारीक होते आणि बहुतेकींचे केस पुन्हा भरून येतात. पण तुमच्या पत्रात केसांपेक्षा महत्त्वाची एक ओळ आहे, आणि नेमकी तीच तुम्ही ‘संबंध नसावा’ म्हणून बाजूला सारली आहे. तिच्याकडे येतेच.

आधी थोडा हिशोब. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याची वाढ थांबते आणि साधारण तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. एरवी शंभरातले दहाएक केस असे बसलेले असतात. म्हणजे दहा हजार केस शंभरेक दिवसांत जायचे, दिवसाला शंभरच्या आसपास. ‘रोज शंभरपर्यंत केस गळणं नॉर्मल’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, त्यामागचं गणित हे. आता शरीराला एखादा मोठा धक्का बसला, की वाढत असलेल्या केसांपैकी पुष्कळसे एकदम वाढ थांबवतात. दहाऐवजी पंचवीस-तीस टक्के केस बसतात. त्या दिवशी आरशात काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी मात्र ते सगळे एका पाठोपाठ निघायला लागतात आणि दिवसाचा आकडा दोनशे-तीनशेवर जातो. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. नाव पाठ करायची गरज नाही. डॉक्टरांच्या कागदावर दिसलं तर घाबरू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

म्हणून केस गळायला लागले की गेल्या आठवड्यात कोणता शाम्पू बदलला हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. कॅलेंडर तीन महिने मागे उलटायचं. तुमचं उलटलं तर डिसेंबरच्या मध्यातून आपण सप्टेंबरच्या मध्यात येतो, आणि तेव्हा तुम्ही डेंग्यूने आजारी होतात. पावसाळ्यात डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड यांची साथ आणि मग दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत केस गळण्याच्या तक्रारी, हे त्वचारोगाच्या ओपीडीत ठरलेलं असतं. करोनानंतरही हेच झालं होतं. बाळंतपणानंतरचं गळणं याच जातीचं. ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सुरू होतं आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक वेळा निवळतं. बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात, असं काही घरांत म्हणतात. बाळाचा त्यात काही दोष नाही, पण काळाचा अंदाज त्या आज्यांनी बरोबर बांधलेला आहे.

तुमच्या बाबतीत तापाने सुरुवात केली आणि वर डाएट आलं. तापातून उठलेल्या शरीराला बांधणीचं सामान हवं होतं, नेमकं तेव्हाच तुम्ही ते बंद केलंत. दोन महिन्यांत सात किलो म्हणजे नुसती चरबी उतरलेली नसते. केस हा शरीराच्या दृष्टीने चैनीचा भाग. खाणं कमी पडलं की पहिली कपात तिथे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उपासमारीचे केस जानेवारी-फेब्रुवारीत गळणार, म्हणजे तापाचं गळणं ओसरायच्या आत डाएटचं सुरू झालं. म्हणून तुम्हाला ते थांबेचना असं वाटतंय. (हल्ली वजन उतरवायच्या इंजेक्शनांनंतरही हाच प्रकार दिसतो. वजन जितक्या वेगाने उतरतं तितके केस जास्त जातात.)

ताप आणि डाएट एवढंच असतं तर मी ‘नीट खा, वाट बघा’ असं चार ओळींत उत्तर दिलं असतं.

पण पाळी. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागणं हे ‘माझं असंच आहे’ या सदरात मोडत नाही. मोठाल्या गाठी पडणं, रात्री पॅड बदलायला उठावं लागणं, बाहेर जाताना काळे कपडे घालणं, सात दिवसांच्या पुढे रक्तस्राव लांबणं यातलं काहीही असेल तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात आणि त्याची तपासणी करायची असते. मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणजे दर महिन्याला हे असं नऊ वर्षं चाललंय. इतकं रक्त जात असताना शरीरातलं लोह टिकणार कुठून? बायका अंगावर जास्त जातंय हे सांगत नाहीत, कारण आई-मावशीचंही तसंच होतं आणि त्याही काम करतच होत्या. केस गेले की मात्र डॉक्टर गाठतात. ठीक आहे, केसांच्या निमित्ताने का होईना.

आता ते १०.२. पाळी येणाऱ्या, गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन निदान १२ हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ११ ते ११.९ हा सौम्य रक्तक्षय आणि ८ ते १०.९ हा मध्यम. तुमचं ‘थोडं कमी’ नव्हतं. शिवाय डेंग्यूमध्ये रक्तातलं पाणी बाहेर झिरपून रक्त दाट होतं, त्यामुळे त्या दिवसांत हिमोग्लोबिन खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतं. प्लेटलेटच्या आकड्याकडे सगळं घर डोळे लावून बसलेलं असताना हा आकडा मागे पडला, हे समजू शकते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांचंच कमी असतं म्हणून ते नॉर्मल ठरत नाही.

हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: हिमोग्लोबिन हा हातातला खर्चाचा पैसा आणि फेरिटिन ही ठेव. हातात पैसा खुळखुळत असताना ठेव कधीच मोडून खाल्लेली असू शकते. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.५ असलेल्या बाईचं फेरिटिन ८ निघतं आणि ‘रक्त चांगलं आहे’ असं ऐकून ती घरी गेलेली असते. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनची खालची मर्यादा १०-१५ च्या आसपास छापलेली असते. केसांसाठी ते निदान ३०-४० असावं असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ मानतात. यावर मतभेद आहेत, पण तुमच्यासारख्या रक्तस्रावात मी ३०-४० च्याच बाजूने राहीन. एक लक्षात ठेवा, अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. सर्दी-तापात ही तपासणी करू नका.

तपासण्यांची यादी मोठी करायची गरज नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). शाकाहारी असाल तर बी-१२, आणि डॉक्टरांना वाटलं तर ड जीवनसत्त्व. एवढं पुरे. ‘हेअर फॉल प्रोफाइल’ नावाची जी पॅकेजं विकली जातात त्यातल्या निम्म्या तपासण्यांचं उत्तर हातात आलं तरी कोणी काही करत नाही. थायरॉइड कमी असो वा जास्त, दोन्हींत केस जातात, आणि रक्तस्राव वाढण्यामागेही थायरॉइड असू शकतो, म्हणून टीएसएच टाळू नका. सीबीसीत पेशी बारीक दिसल्या आणि फेरिटिन मात्र व्यवस्थित असेल, तर थॅलेसेमिया मायनर या रक्तातल्या आनुवंशिक दोषाची तपासणी करायला सांगतील. तसं असेल तर लोहाच्या गोळ्या वर्षभर खाऊनही आकडा हलणार नाही.

आणि तपासणीआधी निदान तीन दिवस त्या बायोटिनच्या गमी बंद ठेवा. खरं तर कायमच्याच बंद करा. बायोटिनची दिवसाची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, ती आपल्या जेवणातून भागते. केसांच्या गोळ्यांत ते अनेकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. त्याने केस वाढतात याला, बायोटिनची खरी कमतरता नसलेल्या माणसात, धड पुरावा नाही. मात्र त्याने रक्ताच्या काही तपासण्या बिघडतात हे पक्कं आहे. टीएसएच खोटं कमी दिसू शकतं आणि नसलेल्या थायरॉइडचे उपचार मागे लागू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता.

लोह कमी निघालं तर गोळ्या घ्याव्या लागतील. गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट यांनी १०.२ चं १२ होत नाही. बीट लाल आहे म्हणून त्यात लोह भरपूर असतं असं नाही, आणि पालकातलं लोह अंगी फार कमी लागतं. हळिवात लोह चांगलं, पण एका लाडवात हळीव असतो तरी किती! खायला माझी ना नाही. उपचार म्हणून त्यावर विसंबू नका. गोळी साधी, स्वस्त असली तरी चालते. महागड्या ‘केसांच्या’ कॅप्सुलमधलं लोह बरेचदा नावापुरतंच असतं. गोळी चहासोबत किंवा जेवणानंतरच्या चहाच्या आसपास घेऊ नका, चहातले घटक लोह अडवतात. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली शोषली जाते. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घ्यायला डॉक्टरांना विचारा, त्याने शोषण चांगलंच होतं. शौचाला काळं होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन बारावर आलं की गोळ्या बंद करायचा मोह होतो, तिथेच गडबड होते; पुढे निदान तीन महिने चालू ठेवायच्या असतात, तेव्हा साठा भरतो.

पण गळक्या टाकीत पाणी भरून काय होणार, म्हणून लोहाच्या जोडीने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ आहे का, अस्तर जाड आहे का ते कळेल. रक्तस्रावाच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं आणि ते काही वर्षं काम करतं. पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ असं ऐकलंत, तर फाइल उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. वय ३६ आहे तुमचं.

आता पाणी. सासूबाईंचा संशय अगदीच अनाठायी म्हणत नाही, दिवाळीत घर बदललं आणि डिसेंबरात केस गेले, जोडी जुळतेच. पण बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसावर बसतात, केस राठ होतो, गुंततो, मधूनच तुटतो. मुळातून निघत नाही. घरच्या घरी बघता येतं: गळालेला केस घ्या. एका टोकाला पांढरा बारीक दाणा असेल तर तो मुळातून गळालेला. दाणा नसून दोन्हीकडून नुसता तुटका आखूड तुकडा असेल, तर दोष पाण्याचा, ड्रायरचा, स्ट्रेटनिंगचा किंवा ओले केस खसाखसा विंचरण्याचा. तुमच्या पत्रात जाळी तुंबते, गुंतवळाचे गोळे निघतात. मला वाटतं दाणे सापडतील.

पाण्यावर पहिला संशय जाणं ही आपली जुनी सवय. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक मुठीने निघू लागले, काही दिवसांत टक्कल पडलेली माणसं टीव्हीवर दिसली, तेव्हाही आधी पाण्याचेच नमुने उचलले गेले. पुढे गावकऱ्यांच्या रक्तात सेलेनियम हे खनिज वाढलेलं आढळलं, आणि विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तुमचा प्रकार तो नाही. तिथे केस दिवसांत गेले, तुमचे आठवड्यांत जाताहेत. हे आठवायचं कारण वेगळं. सेलेनियम हे केसांच्या अनेक मल्टिव्हिटॅमिनांत ‘केसांसाठी उत्तम’ म्हणून घातलेलं असतं. थोडं लागतं, जास्त झालं की तेच केस घालवतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकाच वेळी खाणाऱ्यांनी मागचं लेबल वाचावं.

तेलाबद्दल मला नेहमी भांडणात ओढलं जातं. खोबरेल चांगलं आहे. ते केसाच्या आत थोडं शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. धुण्याआधी तासभर लावा, हलक्या हाताने. पण ते केसाच्या दांड्याचं काम करतं, मुळाला वाढ देत नाही. कोंडा असेल तर तेल थापून रात्रभर ठेवू नका, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. कांद्याचा रस? बगदादमध्ये २००२ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात चाईवर त्याचा उपयोग दिसला होता. चाई म्हणजे गोल चट्टा पडून केस जाणं, तो वेगळाच आजार. तुमच्या बाटलीत तो रस किती आणि सुगंध किती हे कंपनीलाच ठाऊक. हेअर स्पाने केस दोन दिवस छान दिसतील. लग्नघरी जायचं असेल तर जरूर करा, उपचार म्हणून पैसे घालू नका.

केस आठवड्यातून एकदा धुण्याने काही वाचत नाही. जे केस सुटलेले आहेत ते सुटलेलेच आहेत. रोज थोडे गेले असते ते सात दिवस डोक्यातच अडकून राहतात आणि रविवारी एकदम हातात येतात. ते बघून तुम्ही आणखी घाबरता आणि पुढच्या वेळी आणखी उशीर करता. पुन्हा तीनदा धुवायला लागा.

नवऱ्याचं टेन्शनचं निदान. मोठा मानसिक आघात झाला तर केस गळतात, हे खरं आहे. घरातलं कोणी जाणं, मोठं आजारपण, अशा प्रसंगांनंतर बघितलंय. पण बाईच्या कुठल्याही तक्रारीवर ‘टेन्शन’ हे लेबल फार पटकन चिकटतं आणि एकदा ते चिकटलं की हिमोग्लोबिन कोणी बघत नाही. ते निदान सगळं तपासून झाल्यावर करायचं. तोवर त्यांना रिपोर्ट आणायला पाठवा.

मिनॉक्सिडिल आत्ता नको. ते मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून त्याचा द्राव डोक्याला लावायची कल्पना निघाली. चांगलं औषध आहे, पण ते प्रामुख्याने तुमच्या आईला आहे त्या प्रकारासाठी. त्यात केस मुठीने गळत नाहीत. भांग हळूहळू वर्षानुवर्षं रुंद होतो, कपाळावरची रेषा मात्र तशीच राहते. तो आनुवंशिक असतो आणि कधी कधी असा एखादा ताप येऊन आधीच सुरू झालेली विरळता उघडी पडते. तुमच्यात तसं आहे का, हे आज गळण्याच्या गोंधळात नीट कळणार नाही. म्हणून एक काम करा: आज उजेडात, खिडकीजवळ, मधला भांग पाडून वरून फोटो काढा. लोह आणि खाणं सुधारल्यावर सहा महिन्यांनी त्याच जागी, तसाच. भांग रुंद होत चाललेला दिसला तर मिनॉक्सिडिलचा विचार करू. तेव्हाही आधी तीन गोष्टी माहीत असू द्या. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याने केस जास्त गळतात, आणि बऱ्याच बायका तिथेच घाबरून ते सोडतात. चार-सहा महिने लावल्याशिवाय फरक कळत नाही, आणि सोडलं की मिळवलेलं जातं. आणखी मूल हवं असेल तर ते नको. बहिणीची बाटली वापरू नका, तिचं कारण तुमचं कारण नाही.

खाण्याचं थोडक्यात. डाएट थांबवा, निदान सहा महिने. दिवसाला साधारण पन्नासेक ग्रॅम प्रथिन हवं. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधातही तेवढंच, पातळ वरणाच्या वाटीत त्याहून कमी. म्हणजे पोळी-भाजी आणि चमचाभर वरण यात ते बसत नाही. दोन्ही जेवणांत काहीतरी जाड हवं: मटकीची उसळ, छोले, पिठलं, पनीर, अंडी, मासे, जे चालतं ते. महाशिवरात्रीला उपास करायचाच असेल तर नुसत्या साबुदाण्यावर काढू नका, दाणे, दही, दूध घ्या.

वाट न बघता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे कधी जायचं ते सांगते. गोल चट्टा पडला. टाळूला लाली, खपल्या, दुखणं, पू. एखाद्या जागी त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली. तिथले केस परत येत नाहीत, म्हणून उशीर परवडत नाही. भुवया विरळ व्हायला लागल्या. पाळी अनियमित होऊन हनुवटीवर जाड केस आले, तर पीसीओडीची तपासणी. आणि कानशिलांजवळचे, कपाळाच्या कडेचे केस मागे सरकत असतील तर तुमची केस बांधायची पद्धत बघा. घट्ट ओढून बांधलेला अंबाडा, पोनी वर्षानुवर्षं घातला की मुळं कायमची मरतात. कुठलं नवं औषध सुरू झाल्यावर केस जायला लागले असतील तर ते मनाने बंद न करता देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

तुमचं गळणं माझ्या अंदाजाने एप्रिल-मेपर्यंत उतरेल, लोहाची सोय झाली तर. पण वेणीची अपेक्षा वेगळी ठेवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पावसाळ्यात तुम्हाला कपाळावर आणि भांगाच्या कडेने बोटभर केस उभे राहिलेले दिसतील, कितीही चोपले तरी बसणार नाहीत. तो नवा माल. पार्लरमध्ये ‘तुमचे केस तुटताहेत’ म्हणून त्यावर सीरम विकतील, घेऊ नका. कमरेपर्यंतची वेणी तळाशीही पूर्वीइतकी जाड व्हायला मात्र वर्षं लागतात. खांद्यापर्यंत कापलेत तर विरळपणा लगेच कमी दिसेल. कापल्याने केस वाढतात म्हणून नव्हे, फक्त बरे दिसतात म्हणून.

राहता राहिली मुलगी. टक्कल करू नका. केसाची जाडी मुळात ठरते, वस्तरा वर चालतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून नवे केस राठ लागतात आणि दाट आले असं वाटतं, एवढंच. नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत टोपी घालून पाठवण्याइतकं त्यात काही नाही. त्याऐवजी तिच्या डोक्यात उवा आहेत का बघा, शाळेच्या दोन वेण्या फार आवळून घालत नाही ना ते बघा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी मिळते, ती चुकली असेल तर द्या. शाळेत लोहाची गोळी देत असतील तर ती खिडकीतून बाहेर जात नाही ना, हे तिला एकदा विचारा. आणि तुमच्यासोबत तिचंही सीबीसी करून घ्या. दोन-चार वर्षांत तिची पाळी सुरू होईल, त्याआधी तिचा आकडा माहीत असलेला बरा.